रुपयामागें एक आणा

आषाढी वारीच्या दिवसांत तुकोबारायांची पालखी बारामती सोडून इंदापूरच्या वाटेला लागते, तेव्हां तिचा एक मुक्काम सणसर या गांवीं होतो. हें गांव इंदापूर तालुक्यांतलें, नीरेच्या डाव्या कालव्याच्या टापूंतलें, उसावर जगणारें. पालखीपुढें हात जोडून उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्यांना तुकोबांची एक कथा लहानपणापासून ठाऊक असते. वडिलार्जित सावकारीचीं खतें भावाबरोबर वांटून घेतल्यावर तुकोबांनीं आपल्या वांट्याचे कागद इंद्रायणींत सोडून दिले, अशी ती परंपरागत कथा. सावकारानें आपण होऊन कर्जाचे कागद बुडवावे हें विरळाच. कुळांनीं सावकाराचे कागद हिसकावून जाळावे, हें मात्र याच प्रांतांत, सुपें येथें, १२ मे १८७५ रोजीं घडलें. सुपें त्या वेळीं भीमथडी तालुक्यांत मोडत असे. आज तें बारामती तालुक्यांत आहे.

सुप्याच्या दंग्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. अमेरिकेंतील यादवीमुळें १८६१ पासून इकडील कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ सालीं ती यादवी संपली आणि भाव कोसळले. इकडे तीस वर्षांच्या जमाबंदीची मुदत संपून १८६७ सालीं इंदापूर तालुक्यापासून नव्या आकारणीला, म्हणजे सारावाढीला, सुरुवात झाली. पैसा आटला, सावकारानें हात आंखडला, आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांनीं जमिनी हातच्या जाऊं लागल्या. हीं कारणें सर्वमान्य आहेत. परंतु एका गोष्टीकडे इतिहासकारांचें लक्ष त्या मानानें थोडें गेलें आहे. जे कागद जाळण्यासाठीं सुप्याची व आसपासच्या गांवांची रयत जिवावर उदार झाली, ते कागद त्यांतील बहुतेकांना वाचतां येत नव्हते. आणि तरीही हीच रयत दहा-बारा वर्षांपासून शाळांसाठीं नियमानें कर भरीत होती.

हा कर कोठून आला, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबानें जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल १८१९ सालीं लिहिला, त्यांत शाळांचा उल्लेख आहे. सर्व शहरांत व पुष्कळ खेड्यांत शाळा आहेत, पण वाचनविद्या ब्राह्मण, वाणी आणि ज्यांचा हिशेबाशीं संबंध येतो असे थोडे शेतकरी यांच्यापुरतीच आहे, असें त्यानें नमूद केलें. त्या शाळा पंतोजींच्या. धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचें, मग मोडी, मग उजळणी. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीं अपूर्णांकांचीं कोष्टकें मुलें सुरांत घोकीत. सतरा औटकें साडेएकोणसाठ, हें दहा वर्षांच्या पोरानें डोळे मिटून सांगावें. नंतर मापें, वजनें, व्याजाचा हिशेब, रोजकीर्द व खतावणी. पुढच्या काळांतील विद्वानांनीं या घोकंपट्टीची जितकी टवाळी केली तितकी ती टवाळीस पात्र नव्हती. ज्याला बाजारांत बसावयाचें आहे त्याच्या ती जन्मभर उपयोगीं पडे, आणि देशी सावकाराचा पोरगा कागद-पेन्सिलीशिवाय जो हिशेब करी तो पाहून इंग्रज अंमलदार चकित होत. उणें एवढेंच कीं, ज्याला त्याच बाजारांत धान्य विकावयाचें आहे त्याचा मुलगा या वेळीं गुरांमागें असे. पंतोजीला धान्य किंवा दक्षिणा देणारे पालक ज्यांचे, त्यांचींच मुलें शिकत. सरकारचा त्यांत संबंध नव्हता.

सरकारचा संबंध हळूहळू आला. मुंबईंत शाळा व पुस्तकें यांसाठीं सोसायटी निघाली, जर्व्हिस साहेबानें मराठींत गणिताचीं पुस्तकें सिद्ध केलीं. पुरंदर तालुक्यांत १८३६ च्या सुमारास कॅप्टन शॉर्ट्रीड यांच्या खटपटीनें खेड्यांतील शाळा निघाल्या. १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ सालीं स्वतंत्र विद्याखातें स्थापन झालें. आरंभीं शिक्षकाच्या पगाराचा कांहीं भाग गांवानें व कांहीं सरकारनें द्यावा अशी रीत होती. ती फारशी चालली नाहीं. पहिल्या वर्षाचा उत्साह सरला कीं गांव हात वर करी. तेव्हां १८६३ पासून मुंबई इलाख्यांत नवी पट्टी बसूं लागली. साऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा. हिला लोकल फंड म्हणत. हिचे दोन भाग रस्ते वगैरे कामांकडे व तिसरा भाग शिक्षणाकडे जावयाचा. १८६९ च्या कायद्यानें या पट्टीला पक्कें स्वरूप आलें.

हिशेबच करून पाहावा. एखाद्या कुणब्याचा सारा सोळा रुपये असला तर त्याची पट्टी एक रुपया, आणि त्यांतून शाळेच्या वांट्याला पांच आणे चार पै. रक्कम लहान दिसते. पण ती चुकत नसे. दुष्काळ असो, सुकाळ असो, पाटील-कुलकर्णी साऱ्याबरोबर ती वसूल करीत. शाळा मात्र प्रत्येक गांवीं नव्हती. पट्टी सर्वांची आणि शाळा मोठ्या गांवची, अशी स्थिति अनेक वर्षें राहिली. मोठ्या गांवांतील शाळेंतही बाकावर कोणाचीं मुलें बसत हें सांगावयास नको. म्हणजे सोळा रुपये सारा भरणाऱ्या कुणब्याच्या पांच आणे चार पैंतून जो मुलगा व्याजाचें गणित शिके, तो बहुधा त्या कुणब्याचा नसून त्याचें खत लिहिणाऱ्याचा असे.

येथें इंदापूरची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. प्रिंगल साहेबाची अतोनात जड आकारणी फसून जमिनी ओस पडल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं तीस वर्षांची नवी जमाबंदी बसविली, ती प्रथम या इंदापूर तालुक्यांत. पुढें सबंध इलाख्यानें तिचाच कित्ता गिरविला. तिनें सारा हलका व निश्चित झाला, शेतास नंबर व खातेदारास हक्क मिळाला. ओस जमीन पुन्हां नांगराखालीं आली. हें मोठें काम होतें यांत शंका नाहीं. पण त्याबरोबर जमीन विकण्या-गहाण ठेवण्याजोगी वस्तु झाली. पूर्वीं सावकार पीक पाहून कर्ज देई. आतां तो जमीन पाहून देऊं लागला. ज्याच्याजवळ गहाण टाकण्यासारखें कांहीं नव्हतें त्याला कर्ज थोडें मिळे. ज्याच्याजवळ आतां जमीन होती त्याला तें हवें तितकें मिळूं लागलें.

आणि त्या कर्जाचें गणित कसें होतें? हिंदु धर्मशास्त्राप्रमाणें दामदुपटीचा नियम होता. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागतां येत नसे. १८५५ सालीं सरकारनें व्याजावरील जुने निर्बंध काढून टाकले. दोघांनीं कबूल केलेला दर तोच खरा. १८५९ चा मुदतीचा कायदा आला. त्यानें बहुतेक साध्या खतांवरील दाव्याची मुदत तीन वर्षें केली. हा कायदा करणाऱ्यांचा हेतु असा कीं, जुनीं कुळकर्जें उकरून काढून रयतेला छळूं नये. झालें उलट. मुदत भरत आली कीं सावकार कुळाला बोलावी, मुद्दल व व्याज मिळून नवें खत करून घेई. व्याजाचें मुद्दल झालें कीं दामदुपटीचा नियमही पांगळा.

शंभर रुपये, दरमहा दर शेंकडा दोन रुपये व्याज, हा त्या काळीं कांहीं राक्षसी दर नव्हता. तीन वर्षांत व्याज बहात्तर रुपये. नवें खत एकशें बहात्तरांचें. आणखी तीन वर्षांनीं तिसरें खत दोनशें पंचाण्णव रुपये तेरा आण्यांचें. नवव्या वर्षाच्या अखेरीस पांचशें आठ रुपये तेरा आणे. सरळ व्याजानें हेंच कर्ज नऊ वर्षांत तीनशें सोळा झालें असतें, आणि दामदुपटीनें दोनशेंच्या वर जातें ना. या नऊ वर्षांत कुणब्यानें मधून मधून धान्य, गूळ, कडबा घातला असेल तो खात्यावर जमा झाला कीं नाहीं, आणि झाला तर कोणत्या भावानें, हें त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पावती देण्याची चाल नव्हती. खत वाचून दाखविणारा सावकाराचाच गुमास्ता किंवा गांवचा कुलकर्णी. खालीं सहीच्या जागीं कुणब्याची निशाणी, ती नांगराची. जन्मभर जो नांगर धरला त्याचेंच चित्र काढून त्यानें जमीन लिहून द्यावी, असा तो प्रकार.

सुप्याला जमाव जमला तो या कागदांसाठीं. दुकानें लुटलीं गेलीं, एका सावकाराचें घर जळलें. पण पुढें नेमलेल्या चौकशी कमिशनलाही आढळलें कीं सामान्यतः लोकांचा रोख खतें, हुकूमनामे व वह्या यांवर होता. कागद निमूट दिले तेथें अंगास हात लागला नाहीं. हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. पोलिस व लष्कर आलें, धरपकड झाली. ज्यांनीं खतें जाळलीं त्यांना एक गोष्ट अचूक कळली होती: आपलें सर्वस्व त्या कागदांत आहे. कागदांतला हिशेब चुकीचा आहे हें कोर्टांत दाखविण्याचें साधन मात्र त्यांच्यापाशीं नव्हतें. म्हणून कागदच नको, असा त्यांचा न्याय.

कमिशनच्या चौकशीवरून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू केला. हिंदुस्थानच्या कायद्यांत तो अपूर्व होता. न्यायाधीशानें खतावर न थांबतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जावें, व्याजाचें मुद्दल केलेलें सोडवून हिशेब करावा, अशी त्यांत आज्ञा होती. खेड्यांतील नोंदणी-अंमलदारापुढें खत व्हावें, तें कुळास समजावून द्यावें. कुळानें पैसे दिले तर त्यास लेखी पावती मागण्याचा हक्क. वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क. आणि खात्याचा उतारा लिहिलेलें पासबुक आपल्याजवळ ठेवण्याचा हक्क. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं या कायद्याखालीं स्पेशल जज्ज म्हणून काम केलें, आणि खेड्यापाड्यांतील हे हिशेब त्यांनीं जवळून पाहिले.

कायदा चांगला होता. पण त्याची गोम पासबुकांतच होती. पासबुक ज्याच्या हातीं द्यावयाचें त्याला तें वाचतां येत नाहीं, हें कायदा करणाऱ्यांस ठाऊक होतें. तीं कलमें लिहिणाऱ्या सरकारच्याच हाताखालीं विद्याखातें होतें, आणि त्या खात्याच्या तिजोरींत त्याच कुळाची पट्टी जमा होत होती. या दोन खात्यांनीं एकत्र बसून कधीं विचार केला असें दिसत नाहीं. सावकारांनींही लवकरच वाट काढली. गहाणाचें खत चौकशींत उलगडतें ना, मग गहाणाऐवजीं साफ खरेदीखतच लिहून घ्यावयाचें, आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देईन असें नुसतें तोंडी सांगावयाचें. पुढें त्यावरही कायद्यांत दुरुस्ती करावी लागली.

या दोन गोष्टींचा संबंध ज्यानें स्पष्ट जोडला तो मनुष्य सरकारी नव्हता. १८८२ च्या ऑक्टोबरांत हंटर शिक्षण-कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं पुण्याहून निवेदन दिलें. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, ही त्यांची मुख्य तक्रार. बहुतेक खेड्यांत शाळाच नाहीं हें त्यांनीं दाखविलें. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें असें सुचविलें. शिक्षक शक्यतों शेतकरी वर्गांतला, प्रसंगीं नांगर किंवा वांकस हातीं धरावयास न लाजणारा असावा. आणि खेड्यांतील शाळेंत काय शिकवावें याची त्यांनीं यादी दिली, तिच्यांत आरंभींच मोडी व बाळबोध लेखनवाचन आणि हिशेब. मग इतिहास, भूगोल, व्याकरण यांचें जुजबी ज्ञान, शेतकीचे मूळ धडे, नीति व आरोग्य. मोडी आणि हिशेब पुढें कां, हें सुप्याचा दंगा ज्याला आठवतो त्याला विचारावें लागत नाहीं. खतें मोडींत असत. पुढल्याच वर्षीं सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं अज्ञान व कर्ज यांची हीच गांठ अधिक कडक भाषेंत दाखविली.

हंटर कमिशननें आपल्या शिफारशींत देशी रीतीचें गणित, हिशेब व क्षेत्रमापन यांसारखे व्यवहारोपयोगी विषय प्राथमिक शाळांत अधिक आणावे असें लिहिलें, आणि स्थानिक फंडावर पहिला हक्क प्राथमिक शिक्षणाचा, खेड्यांचा व शहरांचा पैसा वेगवेगळा ठेवावा, असेंही म्हटलें. कागदावर फुल्यांचा बराच विजय झाला म्हणावयाचा. १८८४ सालीं लोकल बोर्डें आलीं व शाळा त्यांच्याकडे गेल्या. पैसा मात्र बेताचाच राहिला. सक्तीच्या शिक्षणाचें बिल नामदार गोखले यांनीं १९११ सालीं वरिष्ठ कौन्सिलांत आणलें, तें पुढें नापास झालें. १९१८, १९२३ व १९४७ या सालांच्या कायद्यांनीं मुंबई इलाख्यांत सक्ती पायरीपायरीनें आली.

मध्यंतरीं बारामती-इंदापूरचा नूरच पालटला. नीरेचा डावा कालवा १८८० नंतरच्या दशकांत वाहूं लागला, आणि जेथें बाजरी पिकण्याची मारामार तेथें ऊस डुलूं लागला. ऊस म्हणजे पाणी, खत आणि मुख्यतः भांडवल. बाजरीच्या शेतकऱ्याला दहा-वीस रुपये लागत तेथें उसाच्या शेतकऱ्याला शेंकड्यांनीं लागूं लागले. सावकारी कमी न होतां वाढली. अशा वेळीं १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा व १९११ सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी व लल्लुभाई सामळदास यांच्या खटपटीनें मुंबईंत निघालेली मध्यवर्ती सहकारी बँक यांचा या टापूला उपयोग झाला. कालव्यावरील सोसायट्यांना त्या बँकेनें उसासाठीं पैसा पुरविला.

परंतु सोसायटीला चिटणीस हवा. कीर्द-खतावणी लिहिणारा, बाकी काढणारा, सभासदाच्या पासबुकांत नोंद करणारा मनुष्य खेड्यांत कोण? पुष्कळ ठिकाणीं तो गांवचा शाळामास्तर. लोकल बोर्डाच्या तुटपुंज्या पगारावर नेमलेला, मराठी सातवी अर्थात् व्हर्नाक्युलर फायनल उतरलेला हा मनुष्य. दिवसा मुलांकडून पाढे म्हणून घ्यावे, रात्रीं कंदिलाच्या उजेडांत सोसायटीची वही लिहावी. सभासद आपलें पासबुक घेऊन येई, मास्तर आंकडा वाचून दाखवी, आणि जवळ बसलेला त्या सभासदाचा मुलगा तोच आंकडा पाटीवर मांडून पाही. सरकारनें पैसा दिला वाचन-लेखनासाठीं. त्यांतून ऋणकोला स्वतःचें खातें कळूं लागलें तें अशा आडवाटेनें. १९१८ सालीं सहकारी शिक्षणासाठीं मुंबईंत स्वतंत्र इन्स्टिट्यूट निघाली, चिटणिसांचे वर्ग निघाले. तरी या मास्तरांच्या कामाची दखल अहवालांतून त्रोटकच दिसते.

स्वराज्यानंतरची हकीकत लांबविण्याचें कारण नाहीं. ती पुष्कळांच्या डोळ्यांपुढची आहे. सणसरला लागूनच भवानीनगर येथें श्री छत्रपति सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सावकाराच्या खताच्या जागीं उसाचें बिल आलें: वजन किती, दर काय, सोसायटीची वसुली किती, हातीं उरले किती. हाही वाचावयाचाच कागद. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणें सुरू झालें. रुपयाचे आणे गेले, आणि पावकी-दिडकीचीं कोष्टकें शाळेंतून मागें पडलीं. औटकी गेल्याचें दुःख कांहीं म्हाताऱ्या मास्तरांना झालें असेल. तें अगदींच अनाठायी नव्हतें, कारण त्या कोष्टकांबरोबर तोंडी व्याज काढण्याची संवयही गेली. १९६२ सालीं महाराष्ट्रांत शिक्षण-उपकराचा कायदा झाला. त्यांत शहरांतील मालमत्तेबरोबर उसासारख्या नगदी पिकांच्या जमिनीवरही आकारणी होती. २००४ सालीं केंद्र सरकारनें आपल्या करांवर शेंकडा दोन शिक्षण-उपकर बसविला. एक आणा नाना रूपांनीं परत येत राहिला.

पैशाच्या व्यवहाराचें शिक्षण हा स्वतंत्र विषय म्हणून सरकारदरबारीं मान्य झाला तो अलीकडे. रिझर्व्ह बँक आणि रोखेबाजार, विमा व निवृत्तिवेतन यांवरील नियामक संस्थांनीं मिळून २०१३ सालीं राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्र स्थापन केलें. त्याच्या २०१९ च्या पाहणींत शंभरांतील सत्तावीसच प्रौढ आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले. २०१४ सालीं रिझर्व्ह बँकेनें ठेवीदारांच्या शिक्षणासाठीं निधि उभारला. दहा वर्षें कोणीं न मागितलेल्या बँकांतील ठेवी त्यांत जमा होतात. हाही एक चमत्कारिकच योग म्हणावयाचा. ज्यांनीं आपल्या ठेवीचा ठावठिकाणा वारसांना सांगितला नाहीं, त्यांच्याच पैशांतून इतरांना तो सांगण्याची शिकवण. त्याच वर्षीं महाराष्ट्रांत सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा झाला, आणि सावकारानें हिशेब ठेवावा, पैसे मिळाल्याची पावती द्यावी, हीं १८७९ चीं कलमें त्यांत पुन्हां नव्यानें लिहावीं लागलीं.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत मात्र बदल झाला आहे. २०१७ व २०१८ सालीं निघालेल्या गणिताच्या पुस्तकांत सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला चक्रवाढव्याज, नववी-दहावीला ‘अर्थनियोजन’ या नांवाचीं प्रकरणें आलीं. आठवीपर्यंतचीं पुस्तकें सरकारी शाळांतील मुलांना मोफत मिळतात. शंभर रुपये, तीन वर्षांना बहात्तर व्याज, दोन वेळां खत बदललें तर रास किती, हें उदाहरण त्या आठवीच्या सूत्रानें दोन ओळींत सुटतें. उत्तर दोनशें पंचाण्णव रुपये चौऱ्याऐंशी पैसे.